किनारीवरची नावं

"हे कुणाचं नाव?" आईनं विचारलं.

साडी तिनं अंगाला लावूनसुद्धा पाहिली नव्हती. घडी मोडली, पदर उलटा केला आणि आतल्या बाजूला शिवलेल्या बोटभर सॅटिनच्या पट्टीवर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. पेशंटनं औषध चुकवलं की ती असंच बघायची.

"रेवती. आमच्या मॅडमचं नाव आहे. ब्रँडचं नावही तेच."

"आणि साडी केली कुणी?"

"मी. रंग माझे, नक्षी माझी. काठसुद्धा मीच बसवलाय."

"मग ही रेवती मधेच कुठनं आली?"

"आई, असंच असतं गं सगळीकडे. दुकान मॅडमचं, नाव मॅडमचं. आम्ही आत बसून काम करायचं."

आईनं साडीची पुन्हा घडी घातली. घड्या घालण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, दवाखान्याच्या चादरींनी लावलेली सवय. ती घडी माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "चांगली आहे. पण मी नाही नेसणार. मला माझ्या लेकीची साडी नेसायची होती. या बाईंना मी ओळखत नाही."

तेवढ्यात बाहेरून "शिस्टर!" अशी हाक आली आणि ती चपला सरकवून निघूनही गेली.

आई पाटण तालुक्यातल्या शिरवलीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. शालन थोरवत हे तिचं नाव फक्त पगारपत्रकावर. गावासाठी आणि आसपासच्या सगळ्या वाड्यांसाठी ती शिस्टर. त्या खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, असं म्हटलं तरी कुणी हरकत घेणार नाही. त्या शनिवारी ती निवृत्त व्हायची होती. शाळेच्या पटांगणावर गावानं सत्कार ठेवला होता, आणि सत्काराला तिनं नेसावी म्हणून मी मुंबईहून ती साडी घेऊन आले होते.

मला राग आला. खरं तर रागापेक्षा जास्त लागलं. मी काही ऐरीगैरी नव्हते. एका नटीनं माझा लेहंगा घालून बक्षीस घेतलं होतं, पेपरात रंगीत फोटो आला होता. खाली 'रेवती' छापलं होतं, ते सोडा, पण लेहंगा माझा होता! आणि जिच्या फाटक्या परकरावर मी पहिला टाका शिकले, त्या बाईनं माझ्या हातचं काही म्हणून कधी अंगाला लावलं नव्हतं. दर दिवाळीला मी काहीतरी पाठवायचे. ती फोनवर "छान आहे" म्हणायची आणि कपाटात ठेवून द्यायची. तिला पांढऱ्या युनिफॉर्मची सवय झालीय, अशी मी आपली माझी समजूत घालत होते. आता कळलं, दर वेळी ती पदर उलटा करून बघत होती.

दारात बायडाक्का शेंगा फोडत बसली होती. ती दवाखान्याची मदतनीस, आईच्या जोडीनं म्हातारी झालेली. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं नाही असं तिच्या बाबतीत कधी होतच नसे.

"रुसू नगंस," ती म्हणाली. "तुज्या आईला नावाचं याड हाय. हौसाबाईचं ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

"तरी ऐक," म्हणून तिनं सुरुवात केलीच.

आई नव्यानं शिरवलीत आली तेव्हाची गोष्ट. बाळंतीण सुखरूप सुटली की घरची बाई येऊन आईची ओटी भरायची. नारळ, तांदूळ आणि एक ब्लाउजपीस. हे ब्लाउजपीस आमच्याकडे कुणी फारसं शिवत नाही. आज हिनं तिला दिलं, उद्या तिनं आणखी कुणाला. फिरत राहतं बिचारं. आईनंही तेच केलं. घरी आलेल्या हौसाबाईची ओटी भरली आणि हाताला लागलेला बाटलीच्या रंगाचा हिरवा पीस तिच्या ओटीत घातला.

"तर त्यो निगाला हौसाबाईनंच दिल्याला!" बायडाक्का हसता हसता ठसकली. "कोपऱ्याला उदबत्तीचं भोक पडल्यालं, तिनं वळाकलं की लगीच. भर सोप्यात म्हनली, 'शिस्टर, माजं मलाच व्हय?' सगळी आळी हसली बग. आन् ती जी रुसली, खोकला झाला तरी ष्टीत बसून पाटणला जायाची, पर हितली पायरी चडंना."

"मग?"

"मग काय, सुनंचं दिस भरलं, रात्री कळा सुरू झाल्या. आता कुटं जातीस पाटणला? आली गुमान. पोरगं झालं. बाराव्या दिशी त्योच हिरवा पीस घिऊन आली आन् म्हनली, 'आता नाव लिवून ठिवा.'"

तेव्हापासून आई प्रत्येक पीसच्या किनारीवर बॉलपेननं देणारीचं नाव आणि वाडी लिहायला लागली. गंमत म्हणजे नावं लिहायला लागल्यावर तिचा पीस देण्याचा हातच थांबला. बाईचं नाव वाचलं की तिला ते दुसरीला द्यावंसं वाटेना. शेवटी एक पत्र्याची पेटी घेतली. ती भरली, मग दुसरी. लहानपणी त्या पेट्यांवर बसून मी अभ्यास केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरची पेटी उघडली. मनात होतं, यातूनच काहीतरी करावं. बाहेरचं कापड नाही, बाहेरची पट्टी नाही, मग बघू कशी नाही म्हणते. रुबियाचे, टू बाय टूचे पीस, पोपटी, राणी, डाळिंबी, मोरपंखी, सगळ्या रंगांचा नुसता गोंधळ. एक राणी रंगाचा पीस पसरला, कात्री घेतली आणि कापायला सुरुवात केली.

"थांब!" आई आतून जवळजवळ धावत आली. "काय कापतेस?"

"किनार काढतेय."

"का?"

"किनार कामाची नसते गं. विणताना ती घट्ट बसते, पाण्यात आखडते, मग शिवलेलं कापड ओढ घेतं. कुठलाही शिंपी आधी ती काढून टाकतो. कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

आईनं माझ्या हातातला पीस घेतला. किनार अंगठ्याखाली सरकवत सरकवत एका जागी थांबली आणि मला दाखवलं. निळ्या शाईत, पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ रेघेखाली, नंदा पवार, धनगरवाडा.

"नाव इथं आहे," ती म्हणाली. "बाकीचं कापड कुठल्याही दुकानात मिळेल."

मी कात्री खाली ठेवली. मुंबईत मॅडम महिन्यामहिन्याला "काहीतरी नवीन आण, काहीतरी नवीन आण" म्हणून डोकं खायच्या आणि मी गार हवेच्या खोलीत बसून परदेशी मासिकं चाळायचे. आणि इथं, आयुष्यभर मी ज्याच्यावर बसून पाढे पाठ केले त्यात हे पडलं होतं. शिंपी जे फेकतो त्याचीच साडी करायची. पीस नाही वापरायचा, किनार वापरायची. माझ्या अंगावर काटा आला. असा काटा खोटं बोलत नाही, हे मला या धंद्यात एव्हाना कळलं होतं.

"आई, मी तुला साडी करते. यातली."

"सत्काराला मी पांढरंच नेसणार. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी ड्युटीवर आहे."

"पांढरीच. तुझ्याच युनिफॉर्मची एक साडी दे. तिला नावांचा काठ लावते आणि पदर सगळा नावांचा."

तिनं हातातल्या पीसची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "कुणाचं नाव झाकायचं नाही."

"नाही झाकणार."

"कुणाचं नाव अर्धं कापायचं नाही. बायकांची नावं लोक अर्धीच लिहितात, आपण नाही लिहायची."

"बरं बाई."

"मग काप."

महिला मंडळाची पायमशीन उपकेंद्राच्या व्हरांड्यात आणून ठेवली. बायडाक्कानं पट्ट्या बादलीत भिजवल्या, लाल वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या, आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं दोरीवर वाळत घातल्या. आखडायच्या तेवढ्या पट्ट्या आखडून झाल्या. पण जुनी शाई फिकी पडत चालली होती, आणखी चार धुण्यांत नावं पुसली गेली असती. म्हणून मी निळा दोरा ओवला आणि प्रत्येक नावावरून, आईच्या अक्षराला जराही धक्का न लावता, बारीक धावदोरा घालायला बसले.

आईच्या काना-मात्रांवरून सुई फिरवताना मला ती नव्यानं भेटत होती. कुठं अक्षर ठसठशीत होतं, तिथं बाळंतपण सोपं गेलं असणार. कुठं वेलांटी खाली घसरलेली, तिथं बाई दमून गेलेली. घरी ती कधी "दमले" म्हणाली नाही. मला वाटायचं, ती दमतच नाही. येणाजाणाऱ्या बायका थांबायच्या, वाकून बघायच्या आणि "माजं गावतंय का बग की," म्हणून पट्ट्या उलट्यापालट्या करून जायच्या.

एका पिवळ्या पट्टीवर नुसतं 'कमल' लिहिलं होतं. आडनाव नाही, वाडी नाही.

"आई, हिचं अर्धंच आहे."

आई गोळ्यांच्या पुड्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिचं बाळ राहिलं नाही. मी खूप केलं, नाही राहिलं. तिची ओटी यायची नाही हे मला माहीतच होतं. पण महिन्या-दीड महिन्यानं एकटीच आली. म्हणाली, 'शिस्टर, तुम्ही माजा हात सोडला न्हाईसा.' ओटी भरली आणि गेली. मला लिहायला बसल्यावर पुढचं सुचलं नाही." मग पुडी बांधून म्हणाली, "ती पट्टी खांद्यावर येईल अशी लाव."

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या. कामाची पारख असलेली बाई, आणि मला हाताशी धरून शिकवलेलं त्यांनीच. दिल्लीचा शो जवळ आला होता. "करतेयस काय तिकडे?" त्यांनी विचारलं. माझ्या पोटात राहतंय होय, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, फोटो पाठव. मी पाठवला.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. "उल्का, अगं हे सोनं आहे! हे गावात कशाला नेसवतेस कुणाला? जसंच्या तसं इकडे घेऊन ये. दिल्लीचं अख्खं कलेक्शन यावर उभं करू. 'रेवती'च्या नावावर आजवर असं काही आलेलं नाही. आणि यापुढे डिझाइनचं सगळं तू बघायचंस, तुला वेगळी केबिन देते."

केबिन! ज्या खोलीत आम्ही चौघीजणी कोपराला कोपर लावून काम करायचो तिथं ही लालूच साधी नव्हती. मी वर बघितलं. आई दारात उभी होती, हातात गोळ्यांचं पाकीट, आणि कुणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की तिचं लक्ष गोळ्यांकडे होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "या साडीवर आधीच खूप नावं आहेत. आणखी एक नाही मावायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे 'रेवती' नाही मावायचं."

मॅडमचा आवाज थंड झाला. "विचार करून बोलतेयस ना? परत आल्यावर तुझं टेबल असेलच असं नाही."

"मग माझी कात्री तेवढी काढून ठेवा. ती माझी आहे."

मी फोन ठेवला. नोकरी गेली होती, आणि मी अजून साडीचा काठ पुरा केला नव्हता. रात्री जेवताना आईनं माझ्या भातावर तुपाची धार धरली ती पुरे म्हटलं तरी थांबेना.

शनिवारी ती साडी नेसून बाहेर आली. अंगावर तीच तिची पांढरी साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. खाली चालीबरोबर हलणारा रंगीत काठ, आणि पाठीवरून गुडघ्यापर्यंत नुसती नावंच नावं. लांबून नक्षी वाटावी, जवळ आल्यावर वाचता यावं. माझी आई दिसायला देखणी आहे हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मलाच बघता आलं नव्हतं म्हणा ना!

सरपंच बोलले, शाल झाली, श्रीफळ झालं, डॉक्टर बोलायला उभे राहिले. पण बायकांचं तिकडे लक्ष कुठलं? मागं कुजबुज सुरू झाली होती. शेवटी हौसाबाई काठी टेकत सरळ स्टेजवर चढल्या. डॉक्टरांचं भाषण चालू होतं, त्यांना हातानंच बाजूला केलं आणि चष्मा पुसून आईचा पदर हातात घेतला.

"माजं कुटाय?"

"सगळ्यांत वर," आई म्हणाली. "तुमच्यापासनंच सुरुवात झाली ना."

हौसाबाईंनी ती हिरवी पट्टी शोधली, वाचून घेतली, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता ह्ये मला परत देऊ नगंस हां, शिस्टर!"

पटांगण हसून हसून लोटपोट झालं. मग काय, रांगच लागली. बायका येत होत्या, पदर सरकवत होत्या, नाव सापडलं की आपल्या पोरांना पुढं ओढत होत्या. "ह्यो बग, तू झालास तवाचा पीस." मिसरूड फुटलेले बाप्ये लाजून उभे. आई मधोमध, हालता येत नव्हतं तिला, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी तिला पुसताही येत नव्हतं कारण पदर तिच्या हातातच राहिला नव्हता.

एक बाई मागं खांबापाशी उभी होती. रांगेत आली नाही. आईनंच तिला बघितलं.

"कमल, इकडं ये."

ती आली. तिच्यामागं तिची नंतर झालेली, कॉलेजात जाणारी मुलगी होती.

"माजं कशाला असंल त्यात?" ती हळूच म्हणाली.

आईनं खांदा पुढं केला. कमलताईंनी वाचलं, तळहात त्या पिवळ्या पट्टीवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरांनी भाषण मधेच थांबवलं ते पुन्हा सुरू केलंच नाही.

शेवटी आईपुढं माइक आला. ती आयुष्यात माइकवर बोलली नव्हती. सरपंचांनीच धीर द्यायला विचारलं, "शिस्टर, साडी कुठनं घेतलीसा?"

"घेतली नाही," आई म्हणाली. "माझ्या उल्कानं केली."

एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या वाजल्या. मी आजवर खूप टाळ्या ऐकल्या आहेत, दिव्यांच्या झगमगाटात, परदेशातसुद्धा. पण त्या पटांगणात माझी मान जेवढी ताठ झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाही. नोकरी गेलेली, पुढं काय करायचं माहीत नाही, आणि मला वाटत होतं की या जगात माझ्याएवढी मोठी बाई नाही.

घरी येऊन आईनं साडी बदलली. घडी घालता घालता थांबली, पदराचं आतलं टोक मोकळं केलं आणि टेबलावरचं पोलिओच्या मोहिमेत मिळालेलं बॉलपेन उचललं.

"अगं, काय करतेस? शाई..."

"गप बस."

तिनं चष्मा सावरला आणि किनारीवर सावकाश लिहिलं, उल्का. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "वाडी काय लिहू? मुंबई?"

"मुंबईचं आता काही खरं नाही."

तिनं जरा विचार केला आणि पुढं लिहिलं, इथलीच. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, घडी पुरी केली, साडी पेटीत सगळ्यांत वर ठेवली आणि झाकण लावलं.

"झालं," ती म्हणाली. "आता चुकून तुझं तुलाच परत जायला नको."

पुढं मी साताऱ्यात स्वतःचं काम सुरू केलं. ती साडी मी पेटीतून एकदाच बाहेर काढली, तीही आईला विचारून, तिनं लिहिलेलं 'उल्का, इथलीच' हे अक्षर उतरवून घेण्यापुरती. आज माझ्या प्रत्येक कपड्यावर ते असतं. आत लपवलेलं नाही, बाहेर, किनारीवर, निळ्या धावदोऱ्यात. मोठमोठी गिऱ्हाइकं विचारतात, हे अक्षर कुठल्या आर्टिस्टकडून करून घेतलंत? मी सांगते, सरकारी दवाखान्यातून. त्यांना वाटतं मी चेष्टा करतेय.

आई आता माझ्या हातचं सगळं नेसते. पण आधी पदर उलटा करून बघते.